एक मिलिमीटरचा तंगूस आणि दोनशे किलोंचा मासा

संक्रांतीच्या दिवसांत तुम्ही पतंग उडवला असेलच. वारा एकाएकी जोर धरतो, पतंग खेचू लागतो आणि मांजा बोटांत करकचतो. अशा वेळी तुम्ही काय करता? मांजा घट्ट धरून ठेवलात तर तो तटकन तुटतो. म्हणून फिरकी धरणाऱ्या मित्राला तुम्ही ओरडून सांगता, "ढील दे!" फिरकी गरगर फिरते, मांजा सुटत जातो आणि पतंग वाचतो.

ढील देण्याच्या याच युक्तीने समुद्रातला दोनशे-तीनशे किलोंचा मासा एक मिलिमीटर जाडीच्या नायलॉनच्या दोऱ्याने पकडता येतो, असे सांगितले तर खरे वाटेल का? या दोऱ्याला आपल्या कोकणात तंगूस म्हणतात. हे कसे घडते ते पाहण्यासाठी आज आपण पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर जाऊ या.

कोनाचा किनारा

हवाई बेटांपैकी सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला कोना म्हणतात. सुटी घालवायला आलेले लोक येथे दिवसभरासाठी नौका भाड्याने घेतात. नौकेवर कप्तान असतो, म्हणजे आपल्याकडचा तांडेलच म्हणा ना, आणि मदतीला एखादा खलाशी. प्रवाशांतल्या बहुतेकांनी मोठा मासा पूर्वी कधी पाहिलेलाही नसतो. तरीही निळा मार्लिन नावाचा महाकाय मासा येथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर गळाला लागतो. याचे कारण भूगोलात आहे.

हे बेट ज्वालामुखींनी बनलेले आहे. मौना केआ (४,२०५ मीटर) आणि मौना लोआ (४,१६९ मीटर) हे त्याचे दोन प्रचंड पर्वत. त्यांचे उतार किनाऱ्याशी थांबत नाहीत, तसेच पाण्याखाली उतरत जातात. त्यामुळे किनाऱ्यापासून पाच-सहा किलोमीटर गेले की समुद्र हजार मीटर खोल होतो. आपल्याकडे मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर असलेल्या बॉम्बे हायच्या तेलक्षेत्रातही पाण्याची खोली ७५ मीटरांच्या आसपास आहे! मार्लिन हा खोल, निळ्या समुद्राचा रहिवासी. आपल्याकडे त्याच्यामागे फार दूर जावे लागते. कोनाला मात्र तो दारात येतो.

दुसरे कारण वाऱ्याचे. या बेटांवर ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. ते या उंच पर्वतांना अडतात. सह्याद्रीपलीकडे जशी पर्जन्यछाया असते, तशी कोनाच्या समुद्रावर जणू 'वातछाया' असते. म्हणून येथील पाणी बहुधा शांत असते.

गळ लागला!

आता समजा, तुम्ही अशाच एका नौकेवर आहात. नौका ताशी १५ किलोमीटरच्या आसपास वेगाने चालली आहे. मागे पाण्यात चार-पाच बनावट आमिषे उड्या घेत ओढली जात आहेत. मार्लिनला वाटावे की ट्यूना मासेच पळत आहेत. ट्यूना म्हणजे आपल्या कुप्याचे भाऊबंद.

अचानक एका गळकाठीचे रीळ किंचाळू लागते. मासा लागला! तुम्हाला खुर्चीत बसवून पट्ट्यांनी बांधतात आणि काठी हातात देतात. मासा दोनशे किलोंचा, तंगूस मात्र फक्त ५९ किलोंचा भार पेलणारा. मग तंगूस तुटत कसा नाही?

येथे एक गैरसमज आधी दूर करू. विहिरीतून पाणी शेंदताना घागर पाण्यात असते तोवर हलकी लागते; पाण्याबाहेर येताच जड होते. आर्किमिडीजचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. माशाची घनता पाण्याइतकीच असल्यासारखी असते, म्हणून पाण्यात त्याचे वजन जवळजवळ नाहीसे होते. हाच मासा तंगुसाने हवेत टांगला तर तंगूस क्षणात तुटेल. तेव्हा आपल्याला माशाचे वजन पेलायचे नाही. आपली गाठ आहे ती त्याच्या गतीशी.

समजा, मासा सेकंदाला ५ मीटर वेगाने धावतो आहे. त्याची गतिज ऊर्जा काढू:

½ × २०० × ५ × ५ = २,५०० ज्यूल.

तुम्ही रीळ घट्ट धरून ठेवले आणि तंगूस ताणला जाऊन मासा एका मीटरमध्ये थांबला, तर तंगुसावर सरासरी २,५०० न्यूटन बल येईल. तंगूस तर सुमारे ५९० न्यूटनलाच तुटतो. पण माशाला १२.५ मीटर धावू दिले आणि मग थांबवले तर? २,५०० भागिले १२.५, म्हणजे अवघे २०० न्यूटन! तंगूस शाबूत. क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता, त्यातही हेच गणित असते.

घसरणारी चकती

रीळ किती बलाला सैल सुटावे, हे माणसाच्या हातावर सोडून चालत नाही. म्हणून रिळात एकमेकींवर दाबलेल्या चकत्या असतात. या यंत्रणेला 'ड्रॅग' म्हणतात. ओढ ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर घर्षणामुळे रीळ जागच्या जागी राहते. मर्यादा ओलांडली की चकत्या घसरू लागतात आणि तंगूस सुटतो. एक लहान पट्टी पुढेमागे सरकवून ही मर्यादा बदलता येते. सर्वसाधारणपणे ती तंगुसाच्या ताकदीच्या एक-तृतीयांश ठेवतात. ५९ किलोंच्या तंगुसाला २० किलो, म्हणजे २०० न्यूटनच्या आसपास.

आता मासा पळत सुटला आणि त्याने ३०० मीटर तंगूस ओढून नेला असे समजा. त्याने केलेले कार्य किती?

२०० न्यूटन × ३०० मीटर = ६०,००० ज्यूल.

ही ऊर्जा गेली कोठे? उतारावर सायकलचा ब्रेक दाबून धरल्यावर त्याचे रबर तापते, हे तुम्ही पाहिले असेल. तसेच येथे घर्षणाने ती उष्णता बनली. ६०,००० ज्यूल उष्णतेने अर्धा लिटर पाणी सुमारे २९ अंश सेल्सिअसने तापेल. म्हणून जोराच्या झुंजीत खलाशी कधी कधी रिळावर पाणी ओततात.

पाहा, मासा कोणाशी झुंजतो आहे? तुमच्या दंडांशी नव्हे. तो घर्षणाशी झुंजतो आहे आणि त्याची ताकद उष्णता होऊन हवेत चालली आहे.

दूर गेला, तर सैल सोडा

आता एक प्रश्न. मासा पुष्कळ तंगूस घेऊन दूर गेला, रीळ रिकामे होत आले. अशा वेळी ड्रॅग आवळावा की सैल करावा?

नवशिका घाबरून आवळतो आणि तेथेच फसतो. तरफेचा नियम आठवा: बल × बलभुजा. रिळाच्या बाबतीत बलभुजा म्हणजे गुंडाळलेल्या तंगुसाच्या वेटोळ्याची त्रिज्या. रीळ भरलेले असताना ती ६ सेंटिमीटर असली, तर चकत्या घसरायला २०० × ६ = १,२०० एवढा गुणाकार लागतो. तंगूस जाऊन त्रिज्या ३ सेंटिमीटर झाली, तरी चकत्यांना तेवढाच गुणाकार हवा असतो. मग बल किती लागेल? १,२०० भागिले ३, म्हणजे ४०० न्यूटन! तुम्ही पट्टीला हातही न लावता तंगुसावरचा ताण दुप्पट झाला. शिवाय पाण्यात पसरलेल्या शेकडो मीटर तंगुसाला पाण्याचा विरोध होतो, त्याचा ताण वेगळाच. त्यात आणखी आवळले तर ५९० ची मर्यादा गाठायला कितीसा वेळ!

म्हणून मासा दूर गेला की जाणता माणूस ड्रॅग सैल करतो. कप्तानही नौका उलटी चालवत माशाच्या मागे नेतो, म्हणजे सुटलेला तंगूस पुन्हा रिळावर येतो, त्रिज्या वाढते आणि ताण उतरतो.

झुंज संपली, मग पुढे?

एवढा वेळ आपण मासा, मासा म्हणत आलो. पण निळ्या मार्लिनमध्ये नर लहान असतात. १६० किलोंवरचा नर विरळा. म्हणजे आपल्या गळाला लागलेली ही दोनशे किलोंची बहुधा मादी आहे. ती एका हंगामात लक्षावधी अंडी घालते. तिचे आता काय होणार, हा प्रश्न मग केवळ एका माशाचा राहत नाही.

पूर्वी उत्तर ठरलेले होते: बंदरावर आणायचे, वजनकाट्याला टांगायचे आणि फोटो काढायचा. १९७० साली होनोलुलूहून निघालेल्या 'कोरीन सी' या भाड्याच्या नौकेने १,८०५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८१९ किलोंचा मार्लिन आणला. त्याच्या पोटात सत्तर किलोंचा ट्यूना निघाला! मात्र या माशाची अधिकृत विक्रमात नोंद झाली नाही. नियमानुसार काठी आरंभापासून शेवटपर्यंत एकाच माणसाने सांभाळावी लागते. येथे ती अनेकांच्या हातांतून गेली होती.

हवाईत मार्लिन खाल्ला जातो, त्यामुळे काही मासे आजही बंदरावर येतात. पण पुष्कळ नौकांवर मासा बाजूला आणून सोडून देतात. मात्र नुसते सोडले म्हणजे तो जगतोच असे नाही.

चारशे मीटर जोरात धावल्यावर तुमचे पाय भरून येतात, धाप लागते. माशाच्या पांढऱ्या स्नायूंचेही तसेच होते. हे स्नायू जोराच्या धावेत ऑक्सिजनशिवाय काम करतात; त्यातून लॅक्टेट तयार होते आणि रक्ताची आम्लता वाढते. झुंज जितकी लांबते तितकी ही थकावट खोल जाते. ड्रॅग फार सैल ठेवून तासन् तास मासा खेळवत राहिले तर तंगूस वाचतो, पण मासा दगावू शकतो. फार घट्ट ठेवला तर तंगूस तुटतो आणि मासा तोंडात गळ घेऊन, मागे शेकडो मीटर नायलॉन ओढत जातो. म्हणजे ती लहानशी पट्टी कोठे ठेवायची, यावर तंगुसाबरोबर माशाचा जीवही अवलंबून असतो.

दमलेल्या मार्लिनला पाण्याबाहेर काढत नाहीत. खलाशी हातमोजे घालून तिची भाल्यासारखी चोच धरतो आणि नौका हळूहळू पुढे जाते. वाहते पाणी तोंडातून कल्ल्यांवर जाते, रक्ताला ऑक्सिजन मिळतो, फिकट पडलेले अंग पुन्हा निळे दिसू लागते. मग हात सोडला की एका झटक्यात ती खोल पाण्यात दिसेनाशी होते.

माशाने लिहिलेली रोजनिशी

सोडण्यापूर्वी कधी कधी तिच्या पाठीत एक खूणपट्टी टोचतात. तीच खूणपट्टी असलेला मासा पुढे कोणाला सापडला, तर तो कोठून कोठे गेला हे कळते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, डेलावेअर राज्याजवळच्या समुद्रात खूण केलेला एक निळा मार्लिन सुमारे तीन वर्षांनी आपल्या हिंदी महासागरात, मॉरिशसजवळ सापडला. दोन ठिकाणांमधले सागरी अंतर जवळजवळ १४,९०० किलोमीटर!

आता याहून हुशार खूणपट्ट्या आल्या आहेत. त्या पाण्याची खोली, तापमान आणि उजेड यांची नोंद ठेवतात. ठरलेल्या दिवशी त्या आपोआप सुटून वर तरंगतात आणि कृत्रिम उपग्रहाकडे माहिती पाठवतात. उजेडावरून मासा कोठे होता हे कसे कळते? मध्यान्ह किती वाजता झाली यावरून रेखांश निघतो. एका अंशाला चार मिनिटे, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. दिवस किती मोठा होता, यावरून अक्षांशाचा अंदाज येतो. सोडलेले मासे जगतात की नाही, हेही याच पट्ट्यांनी दाखवले. मासा मेला तर खोलीची नोंद सरळ खाली खाली जाते. जिवंत असेल तर ती दिवसरात्र वरखाली होत राहते. नीट हाताळून सोडलेले बहुतेक मार्लिन जगतात, असे या नोंदींवरून दिसून आले आहे.

करून पाहा

शिवणाच्या दोऱ्याचे रीळ पेन्सिलीत अडकवा. दोऱ्याला पाण्याने भरलेली लहान बाटली बांधा. रीळ घट्ट धरून बाटली अर्धा मीटर वरून सोडा. दोरा तुटतो का? तुटत नसेल तर बाटली थोडी मोठी घ्या. आता तीच बाटली तेवढ्याच उंचीवरून सोडा, पण या वेळी रीळ दोन बोटांत बेताने दाबून फिरू द्या. बोटांना ऊब जाणवते का? ती ऊब कोठून आली?

मग रिळावरचा दोरा अर्ध्याहून अधिक काढून टाका आणि बोटांचा दाब तेवढाच ठेवून दोरा ओढून पाहा. आता ओढायला जोर कमी लागतो की जास्त? का, ते तरफेच्या नियमाने आपल्या वहीत लिहा.