दांतेरी चाक बदलतांना साखळीची लांबी कशी ठरवावी

आमच्या पुष्कळ सभासदांच्या दारीं आतां बैलांच्या गोठ्याशेजारीं मोटरसायकल उभी असते. दुधाच्या किटल्या किंवा वैरणीचा भारा घेऊन चढणीस लागलेली गाडी दम टाकूं लागली, म्हणजे मागील दांतेरी चाक मोठें बसवावें असा सल्ला मिळतो. सल्ला खोटा नाहीं. परंतु चाक बदललें कीं साखळीचा हिशेबही बदलतो.

हा हिशेब न मांडतां आम्हीं एकदां मागें तीन दांते वाढविले व जुनीच साखळी ओढून बसविली. गाडी उभी असतां सर्व ठीक दिसलें. पण किटल्या लादतांच साखळी तारेसारखी ताणली जाई. थोड्याच दिवसांत पुढील चाकाच्या दांड्याचें बेअरिंग निकामी झालें, आणि त्या दुरुस्तीचा खर्च नव्या साखळीच्या कितीतरी पट आला. तीच चूक वाचकांकडून होऊं नये म्हणून हा पाठ.

प्रथम मापें घ्यावीं. एका पिनीच्या मध्यापासून पुढील पिनीच्या मध्यापर्यंतचें अंतर म्हणजे पिच. साखळीवर ४२८ असा आंकडा असल्यास त्यांतील पहिला अंक इंचाचे अष्टमांश दाखवितो. म्हणजे ४/८ इंच, अर्थात् १२.७ मिलिमीटर. ५२० ची पिच ५/८ इंच, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर. नंतर दोन्ही चाकांचे दांते मोजावे, आणि पुढील चाकाच्या मध्यापासून मागील आंसाच्या मध्यापर्यंतचें अंतर घ्यावें. यास आपण आंसांतर म्हणूं.

रीत अशी आहे :

(१) आंसांतराच्या दुपटीस पिचनें भागावें. ही वरच्या व खालच्या सरळ पदरांची लांबी.

(२) दोन्ही चाकांच्या दांत्यांची बेरीज करून निम्मी करावी. हा चाकांस वेढणारा भाग.

(३) दांत्यांच्या वजाबाकीस ६.२८ नें भागून वर्ग करावा. त्यास पिचनें गुणून आंसांतरानें भागावें. चाकें लहानमोठीं असल्यामुळें पदर तिरपे होतात, त्याची ही भरपाई.

तिन्हींची बेरीज म्हणजे लागणाऱ्या कड्या. साखळींत आंतली व बाहेरची कडी आळीपाळीनें येते, म्हणून ही संख्या सम असावी लागते. विषम आल्यास अर्धी कडी घालावी लागते व तेथें साखळी दुबळी होते. अपूर्णांक आल्यास पुढील सम संख्या घ्यावी. मोजतांना लॉकची कडीही धरावी.

उदाहरणार्थ, पुढें १४ व मागें ४२ दांते, पिच १२.७ व आंसांतर ५६८ मिलिमीटर आहे. पहिली रक्कम ८९.४५, दुसरी २८, तिसरी ०.४४, बेरीज ११७.८९. म्हणून ११८ कड्यांची साखळी योग्य बसते. आतां मागें ४५ दांते केले. दुसरी रक्कम २९.५ व तिसरी ०.५४ होऊन बेरीज ११९.४९ येते. अर्थात् १२० कड्या हव्यात, आणि आंस सुमारें ३ मिलिमीटर मागें सरकेल. जुन्या ११८ कड्यांवरच भागवावयाचें, तर आंस सुमारें साडेनऊ मिलिमीटर पुढें आणावा लागेल. खांचेंत तेवढी जागा नसली, तर आमच्यासारखी गत होते.

तोंडी अंदाज असा कीं, एक दांता बदलला म्हणजे आंस सुमारें पाव पिच, येथें ३ मिलिमीटर, सरकतो.

दुसराही मार्ग आहे. मागें ४२ च ठेवून पुढें १४ ऐवजीं १३ दांते बसविले, तर प्रमाण ३ वरून ३.२३ होतें; ४५ दांत्यांनीं तें ३.२१ होत होतें. म्हणजे ओढ जवळजवळ तितकीच वाढते. कड्या लागतात ११७.४३, म्हणून ११८ ची साखळी चालते व आंस साडेतीन मिलिमीटरांच्या आसपास मागें जातो. खर्च कमी, मात्र लहान चाकावर साखळी अधिक वांकते व लवकर झिजते. दोन्ही उपायांत त्याच इंजिनफेऱ्यांस वेग सुमारें ७ टक्क्यांनीं घटतो, हेंही ध्यानीं ठेवावें.

साखळी झिजून लांबलेली असल्यास ती नव्या चाकावर चढवूं नये. नवे दांते लवकर खराब होतात. शेवटीं ढिलाई पाहावी. पुढील चाक, मागील फोर्काची खीळ व मागील आंस एका रेषेंत येतात, तेव्हां साखळी सर्वांत ताठ असते. म्हणून नेहमींच्या वजनाइतकीं माणसें बसवून त्या स्थितींतही थोडी ढिलाई उरते कीं नाहीं हें तपासावें. ढिलाईचा आंकडा गाडीच्या पुस्तकांतला प्रमाण मानावा. आंस सरकविल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत, टायर कोठें घासत नाहीं व मागील ब्रेक नीट लागतो, हें पाहूनच गाडी रस्त्यावर काढावी.

हिशेब पांच मिनिटांचा आहे. दुकानांत जाण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या गाडीचे आंकडे वहींत मांडावे, एवढीच आमची सूचना आहे.