दोष हाताचा नव्हता

"तुझा हातच साफ नाही." आमचे साहेब हे सगळ्या लॅबसमोर म्हणाले, म्हणून मीही आता चारचौघांत सांगते.

३-मिथाइल-२-ब्युटॅनॉलचं ब्रोमाइड हवं होतं. मी फॉस्फरस ट्रायब्रोमाइड मागितलं. साहेबांचं म्हणणं, ४८ टक्क्यांचं हायड्रोब्रोमिक ॲसिड पडलंय, ते संपव. संपवलं. जीसीवर एकच पीक आलं, साहेब खूश. पुढच्या स्टेपला मात्र थायॉल काही केल्या जोडलं जाईना; हाती येई ते नुसतं अल्कीन. मग सुरू झालं हाताचं पुराण.

शेवटी मी त्या ब्रोमाइडचे दोन थेंब सिल्व्हर नायट्रेटच्या अल्कोहोली द्रावणात टाकले. सेकंडरी हॅलाइडला गढूळ व्हायला वेळ लागतो. इथं थेंब पडतोय तोच फिकट पिवळा साका! म्हणजे टर्शरी. हट्टानं नमुना एनएमआरला पाठवायला लावला. ब्रोमीनच्या कार्बनवरचा हायड्रोजन ४ पीपीएमच्या आसपास दिसायला हवा. तिथं सपाट रेघ. पाणी निघून गेल्यावर शेजारचा हायड्राइड सरकला होता आणि ब्रोमीन भलत्याच कार्बनवर जाऊन बसला होता. साहेब म्हणाले, "मला शंका होतीच." कधी होती?

तर, सेकंडरी अल्कोहोलच्या शेजारी फांदी असेल तर तीव्र ॲसिडच्या वाटेला जाऊ नका. बर्फात ठेवून ट्रायब्रोमाइड थेंबाथेंबानं घाला; तापू दिलंत तर तिथंही हाच घोळ. नाहीतर आधी मेसिलेट करा, मग लिथियम ब्रोमाइड. महाग पडतं? वाया गेलेली बॅच काय भावानं पडते तेही विचारा. सिल्व्हर नायट्रेटच्या आधी धुण्याच्या पाण्याचा पीएच बघा, कारण उरलेलं एचबीआरही साका देतं आणि बोलणाऱ्यांना आयतं निमित्त मिळतं. बायकार्बोनेटनं धुताना फनेलमधला गॅस सोडत राहा. साधं १-ब्रोमोब्युटेन करतानाही आपला थर कुठला ते गृहीत धरू नका: पाण्याखाली बसणारं हेच द्रव तीव्र सल्फ्युरिक ॲसिडवर तरंगतं. गॉगल लावा, हे काय सांगायचं!

आणि कुठलं रिएजंट कुणाच्या सांगण्यावरून वापरलं, ते तारखेसकट वहीत लिहा. माझ्या वहीत ट्रायब्रोमाइडची मागणी होती, आणि तिच्याखाली साहेबांच्या अक्षरात 'गरज नाही'. तेवढ्यावर मी वाचले. माफी मात्र अजून कुणी मागितलेली नाही.