पाहुणा परभणीला उतरण्याआधी

परदेशातून एखादा विद्यार्थी सहा महिन्यांसाठी आपल्या विद्यापीठात येणार असं ठरलं की आपल्याकडे पहिली धावपळ होते ती शाल, श्रीफळ आणि फ्लेक्सची. स्वागताचा कार्यक्रम देखणा होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाहुण्याला आंघोळीचं पाणी कुठं तापवायचं हे सांगायला कुणी नसतं. आदरातिथ्यात आपण कमी पडत नाही. पण आदरातिथ्य आणि तयारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली भरपूर झाली की दुसरी राहून गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही, असं माझं मत बनत गेलं आहे. पुण्यात हे एक वेळ खपून जातं. तिथं परदेशी विद्यार्थी शहराच्या सवयीचे झाले आहेत. घरमालकाला, सिमकार्डवाल्याला, पोलिसांच्या परकीय नागरिक कक्षाला काय करायचं ते ठाऊक असतं. विद्यापीठाकडून राहिलेलं अर्धं काम शहर भरून काढतं. परभणीत मात्र कृषी विद्यापीठाने जे केलं नाही ते कुणीच करत नाही. म्हणून इथली तयारी पुण्याहून जास्त लागते, कमी नव्हे.

सुरुवात तारखेपासून करावी, कारण सगळ्यात महाग पडणारी चूक तिथंच होते. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांची मोठी सुट्टी मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत असते, त्यामुळे तिकडून पत्र येतं ते मे-जूनचं. आपण मान डोलावतो. पण मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ अंशांवर असतो, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे शिवारात पीकच नसतं. नांगरलेली काळी ढेकळं, पाण्याची वाट पाहणारं रान. कृषी विद्यापीठात शिकायला आलेल्याला दाखवणार काय? ज्याला सोयाबीन, कापूस, तूर पाहायची आहे त्याने जूनच्या शेवटी यावं आणि ऑक्टोबरपर्यंत राहावं. ज्वारीवर काम करायचं असेल तर पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरची आणि काढणी फेब्रुवारीच्या सुमारास, म्हणजे पूर्ण रब्बी हंगाम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अंगालाही मानवतो, पण तिथंही एक मेख आहे. परभणी म्हणजे फक्त उन्हाळा अशी समजूत करून आलेला माणूस डिसेंबरच्या लाटेत कुडकुडतो. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. थंड देशातला माणूस थंडी सहज काढेल हा आपला समज चुकीचा आहे, कारण त्याच्या घरात भिंती ऊबदार असतात आणि आपल्या वसतिगृहाच्या खिडकीला फट असते. शिवाय २ फेब्रुवारीपासून तुराबुल हक साहेबांचा उरूस भरतो. त्या दिवसांत गाड्यांना आणि लॉजना गर्दी असते, तेव्हा पाहुण्याचं येणं त्या आठवड्यात ठेवू नये. तिकडच्या वेळापत्रकाशी आपलं जुळत नसेल तर तसं स्पष्ट कळवावं. नकार दिल्याने संबंध बिघडत नाहीत. येऊन फुकट गेलेल्या दोन महिन्यांनी बिघडतात.

कागदपत्रांची बाजू रुक्ष आहे, पण चुकली तर तिथं माफी नाही. शिक्षणासाठी येणाऱ्याला विद्यार्थी व्हिसा लागतो आणि तो विशिष्ट संस्थेच्या नावावर मिळतो. ‘पर्यटक व्हिसावर ये, इथं आल्यावर बघू’ हा सल्ला देणारे प्राध्यापक भले असतात आणि त्या मुलाचं नुकसान करतात. पर्यटक व्हिसावर प्रयोगशाळेत रीतसर काम करता येत नाही आणि इथं बसून तो बदलून घेणं सहसा शक्य नसतं. मुक्कामाला आलेल्या परदेशी माणसाची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवणं ही ठेवून घेणाऱ्याची जबाबदारी आहे, मग ते हॉटेल असो, वसतिगृह असो की एखाद्या प्राध्यापकाचं घर. पूर्वी ज्याला ‘सी फॉर्म’ म्हणत, ते हेच. घरी आपुलकीने ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला हे बहुतेक वेळा माहीतच नसतं. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ते काम पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येतं. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला, १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे गेले, आणि शिक्षणसंस्थांनी माहिती देण्याचं बंधन आता त्याच कायद्यात आलं आहे. म्हणून विद्यार्थी यायच्या महिनाभर आधी कुलसचिव कार्यालयातल्या माणसाने अधीक्षक कार्यालयात जाऊन संबंधित कर्मचाऱ्याची ओळख करून घ्यावी, ही माहिती कळवण्याच्या पोर्टलवरचं आपलं खातं चालू आहे का ते पाहावं. हे विद्यार्थ्यावर सोपवू नये. नोंदणी राहिली तर त्याचा जाच परतीच्या वेळी विमानतळावर सुरू होतो आणि तिथं आपण त्याच्या मदतीला नसतो.

यावर एक रोकडा आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. आपली पोरं पालम, सोनपेठ, जिंतूरहून पत्र्याची पेटी घेऊन येतात, खोली शोधतात, मेसमध्ये मिळेल ते खातात आणि कुणी त्यांना न्यायला स्टेशनवर येत नाही. मग परक्यांचे एवढे लाड का? मला या प्रश्नातला राग मान्य आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. सोनपेठच्या मुलाची खोली मिळेपर्यंत सोय लावणारा गावातला कुणीतरी दोन वर्षं आधी इथं आलेला असतो, त्याचा चुलत मामा कुठल्या ना कुठल्या खात्यात असतो, आणि अगदीच जमलं नाही तर संध्याकाळच्या एसटीने तो घरी जातो. हे जाळंच त्याची तयारी असते. परदेशी मुलाला ते नसतं, म्हणून ते कागदावर उभं करावं लागतं. आणि खरं सांगायचं तर चांगलं माहितीपत्रक, रात्री उचलला जाणारा फोन, स्वच्छ पाण्याची टाकी हे एकदा झालं की त्याचा फायदा पालमच्या पोरालाही होतो. पाहुण्याच्या निमित्ताने घराला चुना लागतो, तो नंतर घरच्यांच्याच कामी येतो.

प्रवास आणि पैसा यांचं एकत्र पाहावं. परदेशी विमान मुंबईला उतरावं हा आपला सहजभाव, कारण आपल्याला देवगिरी आणि नंदीग्राम या गाड्या ठाऊक आहेत. पण मुंबई रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि हैदराबाद त्याहून बरंच जवळ. थकलेल्या माणसाला हैदराबादला उतरणं जमेल का, ते विचारून पाहावं. नांदेडच्या विमानतळावरची उड्डाणं चालू-बंद होत आली आहेत, त्यांच्या भरवशावर बेत आखू नये. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, आणि परदेशी कार्डावर तिकीट काढणं हा एक स्वतंत्र छळ आहे, तेव्हा तिकीट विद्यापीठानेच काढून ठेवावं. आपला सगळा व्यवहार भारतीय मोबाइल क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीवर चालतो, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याचा जाच दिसत नाही. ज्याच्याकडे तो क्रमांक नाही त्याला रिक्षावाल्याचा कोड सहसा स्कॅन करता येत नाही, चहाचे दहा रुपये देता येत नाहीत. सिम घ्यायला पासपोर्ट, व्हिसा आणि इथल्या कुणाचा तरी संदर्भ लागतो, आणि ते चालू व्हायला वेळ लागतो. तोवरच्या चार-सहा दिवसांसाठी सुट्या नोटा, म्हणजे पाचशेच्या नव्हे तर दहा-वीस-पन्नासच्या, पाकिटात घालून हातात द्याव्यात आणि रीतसर हिशेबाला लावाव्यात. पाहुण्याकडे पैसे कसे मागायचे या संकोचापायी प्राध्यापक पदरचे खर्च करतात आणि वर्षभर कुरकुरत राहतात.

खाण्याच्या बाबतीत आपली चौकशी ‘तिखट चालतं का?’ इथं संपते. ती इथं सुरूच व्हायला नको. पहिला प्रश्न ॲलर्जीचा हवा, आणि तोही येण्याआधी, लेखी. मराठवाड्याच्या स्वयंपाकात शेंगदाणा कुठं नाही? वांग्याच्या भाजीत कूट, चटणीत दाणे, उपासाच्या खिचडीत दाणे, आणि तळणीला बऱ्याच घरांत शेंगदाण्याचंच तेल. पाश्चात्त्य देशांत दाण्याची तीव्र ॲलर्जी असलेली मुलं सर्रास भेटतात. काहींना चमचाभर कुटानेही श्वास कोंडतो. ‘थोडंसं खाल्ल्याने काय होतं’ हा आपला प्रेमळ आग्रह तिथं जीवघेणा ठरू शकतो. त्यावर लागणारी ॲड्रिनॅलिनची तयार पेन इथल्या औषध दुकानांत सहज मिळत नाही, ती त्याने पुरेशी बरोबर आणायला हवी आणि वसतिगृहातल्या दोघातिघांना ती कशी टोचायची हे माहीत असायला हवं. गव्हाचं पथ्य असलेल्यासाठी ज्वारीची भाकरी हे वरदान आहे, आणि इक्रिसॅट या संशोधन संस्थेने तयार केलेल्या आणि याच विद्यापीठाने २०१८ मध्ये आणलेल्या, लोह आणि जस्त जास्त असलेल्या ‘परभणी शक्ती’ची भाकरी पाहुण्याच्या ताटात पडली तर त्याहून चांगली ओळख कोणती? पण ती ज्वारी गव्हाच्या मागून त्याच गिरणीतून दळून आली असेल तर वरदान वाया गेलं. बाजारी हिंगातही बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे मेसवाल्याला सोडा, आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? जिल्हा रुग्णालयात कुठल्या दारातून जायचं, श्वानदंशाची लस आणि सर्पदंशावरचं प्रतिविष कुठं आहे, हे आधी जाऊन पाहून ठेवावं. परदेशी विम्याची बिनारोख सोय इथं सहसा चालत नाही. आधी भरायचं, मग मागायचं. म्हणून बिल आणि डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घ्यावा.

काहींचं म्हणणं, एवढं सांभाळलं तर तो भारत पाहणार कधी? त्याला खडतर अनुभव घेऊ द्या, त्यासाठीच तर तो आला आहे. गैरसोय आणि धोका यांत मी फरक करतो. नळाला रोज पाणी येत नाही, वीज मध्येच जाते, एसटीत उभं राहावं लागतं, हे त्याला कळावं. फक्त आधी सांगितलेलं असावं. पण रात्री पाणी द्यायच्या वेळी बांधावरून चपला घालून चालताना घोणस किंवा मण्यार चावणं हा अनुभव नव्हे. गमबूट आणि बॅटरी ही प्रक्षेत्रावर जाणाऱ्याला पहिल्या दिवशी मिळायला हवीत. गैरसोयीचाच आणखी एक प्रकार आहे, त्याला आपण कौतुक म्हणतो. गोऱ्या मुलीबरोबर सेल्फीसाठी अंगाशी येणारे आणि आफ्रिकी मुलाकडे पाहून काहीबाही बोलणारे दोन्ही आपल्याच आवारात असतात. गावाला शहाणपण शिकवणं आपल्या हातात नसलं तरी वसतिगृहातल्या मुलांना, सुरक्षारक्षकांना आणि फाटकाबाहेरच्या टपरीवाल्याला आधी बोलावून सांगणं हातात आहे. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी बंद होतं, हा नियम बदलणार नसेल तर तो पाहुणीला निमंत्रणाच्या पत्रातच कळवावा. आल्यावर कळला तर तिला ती फसवणूक वाटते, आणि तिचं चुकत नाही.

कृषी विद्यापीठाला लागू होणारा, आणि म्हणूनच सर्वसाधारण सूचनांमध्ये कधी न सापडणारा भाग बियाण्यांचा आहे. परदेशी नागरिकाला संशोधनासाठी भारतातलं जैविक साहित्य घ्यायचं असेल तर जैवविविधता कायदा, २००२ च्या तिसऱ्या कलमाप्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. केंद्र सरकारच्या निकषांत बसणाऱ्या सहकार्य प्रकल्पांना सवलत आहे, पण प्रकल्प त्या निकषांत बसवून घेणं हे आपलं काम आहे. शेतकऱ्याने मायेने दिलेलं गावरान ज्वारीचं कणीस पाहुण्याच्या बॅगेत गेलं तर कायद्याच्या दृष्टीने तो मायेचा प्रश्न राहत नाही. उलट बाजूने, त्याने आपल्या देशातून बी किंवा माती आणायची तर वनस्पती संगरोधाचा २००३ चा आदेश आड येतो. ड्रोनचंही तसंच. परभणीत डिजिटल शेतीच्या प्रकल्पातून ड्रोनवर काम झालं आहे, ते वाचून एखादा विद्यार्थी आपला ड्रोन बॅगेत टाकून निघतो. परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे आणि तो सीमाशुल्काच्या टेबलावरच अडकतो. उपग्रहावर चालणारे फोन आणि संदेशयंत्रं विनापरवाना आणली तर पोलीस ठाण्यापर्यंत प्रकरण जातं. निमंत्रणाच्या पत्राला जोडलेल्या एका पानाने हे सगळं टळतं.

शेवटचा आक्षेप संख्येचा. वर्षाला एक-दोन येणार, त्यांच्यासाठी स्वतंत्र यंत्रणा कशाला? माझा तर्क उलटा आहे. शंभर येत असते तर लोकांच्या डोक्यात राहिलं असतं. दोनच येतात म्हणून पुढच्या वेळेपर्यंत लिपिक बदललेला असतो आणि सगळं विसरलेलं असतं. स्वतंत्र विभाग नको, एक नाव हवं: ज्याचा फोन रात्री लागतो असा एक माणूस, त्याच्या गैरहजेरीत कोण हे लिहिलेलं, आणि प्रत्येक पाहुण्यानंतर वाढत जाणारी एक फाइल. त्या फाइलचा पहिला मजकूर लिहायला परदेशी तज्ज्ञ बोलवायची गरज नाही. जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पातून इथले विद्यार्थी परदेशी प्रशिक्षणाला जाऊन आले आहेत. तिकडच्या लोकांनी आपल्याला निघण्याआधी काय कळवलं होतं, पहिल्या रात्री किल्ली कुणी दिली, काय न सांगितल्याने पंचाईत झाली, हे त्यांना विचारून टिपून घ्यावं. परतीचं पानही त्यातच असावं: गुणपत्रक तिकडच्या सत्राच्या मुदतीत जाईल याची तारीख, बँकेचं खातं बंद करण्याचा अर्ज, आणि त्याने कोणत्या तारखांना कोणत्या गोठ्यात व शेतात काम केलं त्याची यादी. आपल्याकडे जनावरांत लाळ-खुरकूत आहे, त्यामुळे अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात उतरताना त्याला शेतावर गेल्याचं जाहीर करावं लागतं आणि बुटांना लागलेली काळी माती तिथले अधिकारी तपासतात. बूट निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, चार दिवस आधी धुऊन वाळवायला सांगावेत.