कॅन्सरचं संशोधन शिकवतात म्हणजे काय शिकवतात?

प्रश्न : माझी पुतणी भिवंडीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पुढे कॅन्सरवर संशोधन करायचंय. आमच्या घरी यंत्रमाग. या क्षेत्रातलं कुणाला काही ठाऊक नाही. हे संशोधन शिकवतात तरी कसं? मोठमोठी यंत्रं चालवता आली की झालं का? की परदेशीच जावं लागतं?
– एक वाचक, भिवंडी

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. टाटा स्मारक केंद्राची संशोधनसंस्था ‘अ‍ॅक्ट्रेक’ तुमच्या शेजारच्या जिल्ह्यात, खारघरला आहे. तिथे पीएच.डी. करता येते आणि पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची मिळते. तेव्हा परदेशाची चिंता आत्ताच नको.

यंत्रं हा यातला सोपा भाग. ती काही आठवड्यांत चालवता येऊ लागतात. प्रश्न नीट विचारायला शिकणं मात्र वर्षानुवर्षं चालतं. तुमच्याच गावचा प्रश्न घेऊ : ‘यंत्रमाग कामगारांना तोंडाचा कॅन्सर जास्त होतो का?’ जास्त म्हणजे कुणापेक्षा? कामगार तंबाखूही खात असेल, तर दोष मागाचा की तंबाखूचा? तंबाखू खाणारा पण मागावर न बसणारा माणूस तुलनेला घेतल्याशिवाय हे सांगता येणार नाही. शिवाय भिवंडीतले कितीतरी कामगार उत्तर प्रदेश-बिहारचे. मोठं दुखणं आलं की माणूस गावी जातो. मग इथल्या दवाखान्याच्या नोंदवहीत तो सापडेल कसा? नोंदी कमी दिसल्या म्हणजे आजार कमी, असं नव्हे. असे खोचक प्रश्न स्वतःच्याच कामाला विचारायची सवय लावणं, हे संशोधन-शिक्षणाचं निम्मं काम.

रुग्ण कसे निवडले, हाही असाच एक प्रश्न. डॉ. वसंत खानोलकरांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरवर लेख लिहिला, तो लागोपाठ आलेल्या १,००० रुग्णांवर. ‘लागोपाठ’ महत्त्वाचं. सोयीचे रुग्ण निवडले असते तर हवा तो निष्कर्ष काढता आला असता. १९५२ साली परळला भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे पहिले संचालक हेच. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र, शिकून आल्या आणि मुंबईत त्याची प्रयोगशाळा उभारली.

या गे यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ साली ‘हेला’ नावाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवल्या गेल्या. त्या इतक्या जोमाने वाढतात की शेजारच्या बशीत एखादी गेली तरी तिथल्या मूळ पेशींना मागे सारतात. १९६६ साली स्टॅनली गार्टलर यांनी दाखवून दिलं की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशी प्रत्यक्षात हेलाच होत्या! कित्येकांचं काम त्यामुळे संशयात आलं. म्हणून आज चांगल्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला सांगतात : बाटलीवरच्या लेबलवर विश्वास ठेवू नकोस, पेशींची जनुकीय ओळख पटव, मग प्रयोग कर.

डॉक्टरांसाठी शिक्षण वेगळं. टाटा केंद्र आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड ‘क्रेडो’ नावाची सहा दिवसांची कार्यशाळा घेतात. तिथे तरुण डॉक्टर एक कल्पना घेऊन येतात आणि तिचा पूर्ण आराखडा लिहितात : किती रुग्ण, कोणते, तुलना कशाशी, यश मोजायचं कशाने. हे सगळं पहिला रुग्ण घेण्याआधी कागदावर हवं. निकाल आल्यावर मोजपट्टी बदलली तर त्या चाचणीचा उपयोग काय?

अशा चाचणीसाठी महागडं औषधच लागतं असंही नाही. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं गाठीभोवती लिडोकेन टोचून पाहिलं. दातांच्या दवाखान्यात वापरतात तीच भूल. सुमारे १,६०० स्त्रियांच्या चाचणीत पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. २०२३ साली हे प्रसिद्ध झालं.

आता तुमच्या पुतणीचं. आपल्या कॉलेजांत प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच ठाऊक असतं आणि मुलं जर्नलमध्ये रीडिंग ‘जुळवतात’. माझ्या मते संशोधक घडण्यातला सर्वांत मोठा अडथळा हाच आहे, पैशांची चणचण त्यानंतर. यूजीसीने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन-नीतीचा अभ्यासक्रम सक्तीचा केलाय. पण तोवर पाच-सहा वर्षं जुळवाजुळवीची सवय मुरलेली असते. तिने आजपासून आलेलं रीडिंग आलं तसं लिहावं आणि चुकलं असेल तर का चुकलं, ते शेजारी लिहावं. संख्याशास्त्र टाळू नये. देशातल्या विज्ञान अकादमी उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिचे अर्ज कित्येक महिने आधी निघतात. पात्रतेच्या अटी वाचून तिला यंदाच अर्ज भरायला सांगा.