शरदातले रान

आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे महिने. पाऊस सरतो. आभाळ निवळते. भात पिवळे होते. दुपारी ऊन चटका देते. रानात हिंडायला हा काळ फार चांगला. मात्र सकाळी लवकर निघावे.

आमच्या साक्षरता वर्गाची मंडळी भीमाशंकरच्या रानात जाऊन आली. बाया-माणसे मिळून आम्ही १८ जण होतो. बरोबर भाकरी, चटणी, कांदा आणि प्रत्येकाची वही.

भीमाशंकर पुणे जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. भीमा नदी इथे उगम पावते. उजनीचे धरण याच नदीवर आहे. पंढरपुरात ती चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिथे तिला चंद्रभागा म्हणतात.

“म्हंजी वारीत आपण न्हातो ती नदी इथनं निघती?” एका मावशींनी विचारले.

होय, इथूनच. मावशींनी तिथल्या तिथे हात जोडले.

सरकारने १९८५ साली हे रान अभयारण्य ठरवले. अभयारण्यात झाड तोडायचे नाही, जनावर मारायचे नाही. इथे शेकरू राहते. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस खार. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत ती अडीच-तीन फूट भरते. उंच झाडावर काटक्या-पानांचे घरटे करते. एकच नव्हे, तीन-चार करते. जमिनीवर क्वचितच उतरते. या फांदीवरून त्या फांदीवर उडी घेते. फांद्याच तुटल्या तर तिने जावे कसे? शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

वाटेत कारवी लागली. तिच्या काठ्यांचे कूड आपल्यातल्या पुष्कळांनी घराला घातले असतील. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि वाळून जाते.

पुढे एका वाडीची देवराई आली. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. हिरडा, जांभूळ, आंबा. झाडाला झाड लागलेले. आत गेलो तर भर उन्हात गारवा. आमच्यातला एक तरुण गडी म्हणाला, “गुरुजी, आपल्या गावची राईही अशीच पडून आहे. झाडं विकली तर देवळाला सभामंडप होईल.”

ही बोलणी आमच्या गावात खरोखरच चालू आहेत. आम्ही त्याला उत्तर दिले नाही. राईतली मूठभर माती उचलायला सांगितली. वर कुजलेला पाला, खाली काळी, ओलसर माती. मग बाहेरच्या उघड्या माळावरची माती घ्यायला लावली. ती कोरडी, खडी मिसळलेली.

असे का होते? पावसाचा थेंब झाडाच्या पानांवर फुटतो. त्याचा मारा कमी होतो. खाली पाला त्याला अडवतो. पाणी सावकाश मुरते आणि खालच्या अंगाला झऱ्याने निघते. उघड्या माळावर पाणी थांबत नाही. ते धावते आणि माती घेऊन जाते.

वाडीतल्या एक आजी झऱ्यावर हंडा भरत होत्या. त्या म्हणाल्या, “राई हाय तर ह्यो झरा हाय. मंडप बांधशील लेका, पर पाणी कुठनं आणशील?” गडी गप्प झाला. पण त्याचेही अगदी चुकले असे नाही. गावाला मंडप हवाच आहे. पैसा दुसरीकडून उभा करावा लागेल, आणि ते सोपे नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. या दिवसांत गवतात आणि भातात साप असतात. पायांत जोडा घालावा, हातात काठी असावी. साप चावलाच तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. माणसाला स्वस्थ ठेवावे. चावलेला पाय हलवू देऊ नये. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. विषावरची लस सरकारी दवाखान्यात मिळते.

भाकरी खाल्ल्यावर सगळ्यांनी वहीत झाडांची नावे लिहिली. मावशींची २३ झाली. आता गावच्या राईतली झाडे मोजायची आहेत. यादी ग्रामसभेत वाचायची आहे. ती मावशीच वाचणार आहेत.