मुलीची नेमबाजी, यजमानांची मोटरबोट

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे. यजमान सैन्यात असल्यामुळे सध्या बराकपूरला राहतो. चौदा वर्षांच्या लेकीने नेमबाजीचा हट्ट धरला आहे, तर यजमानांना हुगळीत फिरायला स्वतःची छोटी मोटरबोट हवी आहे. दोघांचे उत्तर एकच, 'हौसेला मोल नसते.' घरचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून विचारते. असल्या श्रीमंती छंदांत आमच्यासारख्यांनी पडावे का? घातलेला पैसा कोणत्या रूपाने परत येतो?
– एक वाचक, बराकपूर

उत्तर : हौसेला मोल नसते हे मान्य, पण छर्ऱ्यांना आणि इंधनाला असते. तुम्हाला दोन्ही छंद सारखेच खर्चिक वाटले, यात नवल नाही. मात्र दोघांच्या खर्चाची तऱ्हा वेगळी आहे. आधी लेकीचे पाहू.

बराकपूरला राहणाऱ्यांचा एक हमखास समज असतो की, इच्छापूरचा रायफल कारखाना हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा बंदूक स्वस्तात मिळेल. तसे नाही. तिथली .315 बोअरची स्पोर्टिंग रायफल प्रसिद्ध आहे, पण नावात 'स्पोर्टिंग' असले तरी ती ऑलिंपिकच्या नेमबाजीची नव्हे. शिवाय तिला परवाना लागतो. मुले सुरुवात करतात ती 10 मीटरच्या एअर रायफलवर किंवा एअर पिस्तुलावर. या हत्यारात दारू नसते, दाबलेल्या हवेने 4.5 मिलिमीटरचा छर्रा सुटतो. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार या मापाच्या आणि 20 जूलपर्यंत जोर असलेल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. त्यामुळे पहिली धास्ती मिटली.

आता खर्च नेमका कशावर होतो ते पाहा. रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो दहा मीटरवरून टिपायचा तर शरीराचे बारीकसे हलणेही थोपवावे लागते. त्यासाठी जाड कॅनव्हासचे आणि चामड्याचे ताठ जाकीट, तशीच विजार, सपाट तळाचे बूट आणि हातमोजा लागतो. हा पोशाख अंगाच्या मापाचा हवा, आणि चौदा वर्षांची मुलगी तर वाढत असते. आज बेतलेले जाकीट दीड-दोन वर्षांत खांद्यात दाटते. पालकांच्या खिशाला खरी कात्री लागते ती इथे, कारण बंदुकीचा खर्च सगळ्यांनी धरलेला असतो, जाकिटाचा कुणीच धरलेला नसतो.

पिस्तुलाचे तसे नाही. एका हाताने, साध्या कपड्यांत उभे राहून नेम धरायचा. त्याचा दहाचा ठिपका साडेअकरा मिलिमीटरचा असतो, म्हणून कुणी याला सोपा प्रकार समजेल, तर हात लांब करून किलोभर वजन दहा मिनिटे धरून पाहावे. पण पोशाखाचा मोठा खर्च वाचतो. लेकीचा रायफलचाच आग्रह नसेल तर सुरुवात पिस्तुलाने करावी, असे माझे मत आहे.

छर्ऱ्यांचा हिशेब सोपा आहे. एका डबीत साधारण 500 छर्रे असतात. आठवड्यातून पाच दिवस रोज 60 मारले, तर डबी दोन आठवडेही पुरत नाही. यावर नेमबाजांकडे फुकटचा तोडगा आहे. घरी कोऱ्या भिंतीसमोर उभे राहायचे, छर्रा न घालता नेम धरायचा आणि चाप ओढायचा. काही प्रशिक्षक नळीवर नाणे ठेवायला लावतात. चाप ओढल्यावर नाणे पडले, तर हात हलला हे सांगायला दुसरा कुणी लागत नाही. मोठमोठे खेळाडूही असा कोरडा सराव करतात आणि त्याला दमडी लागत नाही.

खर्चाची मोठी उडी पुढे आहे. 50 मीटरच्या प्रकारात .22 बोअरची खरी काडतुसे लागतात, परवाना लागतो, आणि स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे परदेशातून येतात. तिथे मात्र नोकरदाराचा पगार अपुरा पडतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. वडील शिक्षक. मुलाच्या सरावासाठी त्यांनी कर्जही काढले होते. पण तो घडला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि 2015 पासून तो रेल्वेच्या नोकरीत आहे. घरच्यांनी सोसले ते सुरुवातीला, पुढचा भार संस्थांनी उचलला. अशी वाट थोड्यांनाच सापडते, म्हणून पदकाच्या बक्षिसातून खर्च भरून निघेल असा हिशेब कृपा करून मांडू नका. तो लॉटरीच्या तिकिटावर घर बांधण्यासारखा आहे.

तुमच्याजवळचेच उदाहरण हवे असेल तर नदीपलीकडे बैद्यबाटीची मेहुली घोष आहे. तिने 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 मीटर एअर रायफलमध्ये रौप्यपदक मिळवले. ती शिकली जयदीप कर्मकार यांच्याकडे, ज्यांचे लंडन ऑलिंपिकमधले पदक चौथ्या क्रमांकामुळे थोडक्यात हुकले. कोलकाता परिसरात जुने रायफल क्लब आहेत आणि क्लबांमध्ये शिकाऊ मुलांसाठी सहसा सामाईक हत्यारे असतात. पहिले वर्ष त्यांवरच काढावे. वर्षभरानंतरही मुलगी न सांगता पहाटे उठत असेल, तर खरेदीचा विषय काढा.

आता यजमानांची मोटरबोट. इथे मी तुमच्या बाजूचा.

बराकपूरला हुगळी शांत दिसते, पण ती भरती-ओहोटीची नदी आहे. दिवसातून दोनदा पाणी चढते आणि उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरतीची उंच लाट उलट्या दिशेने वर चढून येते, तिला तिकडे 'बान' म्हणतात. बान येणार म्हटले की जाणते नावाडी होड्या काठापासून सोडवून खोल पाण्यात नेतात, कारण काठाला बांधलेली होडी आपटून फुटते. म्हणजे बोट घेतली की सांभाळायला माणूस आलाच. त्यात गाळ, गंज, इंजिनाची देखभाल आणि विमा. अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 मुळे इंजिनाच्या बोटीला नोंदणी आणि तपासणीही लागते. बोट महिन्यातून एकदा फिरली काय किंवा रोज फिरली काय, हा सगळा खर्च तेवढाच. बदली झाली की ती साताऱ्याला नेण्याची सोय नाही, आणि रायफलीला क्लबात गिऱ्हाईक मिळते तसे बोटीला पटकन मिळत नाही.

बराकपूर आणि होडी यांचे नाते तसे राजेशाही आहे. गव्हर्नर जनरल कोलकात्याहून नदीमार्गे इथल्या उद्यानगृहात येत. वेलस्लीने तर इथे मोठा राजवाडाच बांधायला काढला होता. खर्च ऐकून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी नकार दिला आणि तो अपुराच राहिला. थोडक्यात, तुमच्या घरातला हा वाद त्या गावाला नवा नाही.

यजमानांना पाण्याचीच ओढ असेल तर वल्हवण्याकडे पाहावे. हुगळीच्या लाटांत आणि फेरीबोटींच्या गर्दीत शर्यतीची अरुंद नाव टिकत नाही, म्हणून कोलकात्याचे रोइंग क्लब दक्षिणेला रवींद्र सरोवरावर आहेत. त्यांतला कलकत्ता रोइंग क्लब तर 1858 चा. नाव क्लबाची, तुमची फक्त वर्गणी. यात ताकद दंडाची लागते हा समज चुकीचा आहे. बैठक मागेपुढे सरकते आणि मुख्य जोर पायांचा असतो, त्यामुळे नियमित चालणाऱ्याला सुरुवात जड जात नाही. चांदवडजवळच्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळला पाण्याची सवयसुद्धा नव्हती. सैन्यात गेल्यावर तो पुण्याला वल्हवायला शिकला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. सैन्यात या खेळाची मोठी परंपरा आहे, तेव्हा यजमानांनी आपल्याच युनिटमध्ये आधी चौकशी करावी. एक खबरदारी मात्र हवीच. मे 2022 मध्ये याच सरोवरावर कालबैशाखीच्या वादळात दोन शाळकरी मुले बुडाली. क्लबात शिरताना वर्गणीच्या आधी बचावनौका आणि लाइफ जॅकेट यांची चौकशी करा.

राहिला परतावा. पैशाच्या रूपाने तो बहुधा येत नाही. येतो तो स्थिर हात, शांत श्वास, दमदार छाती आणि घरातल्या दोन माणसांची मोबाइलपासून तासाभराची सुटका या रूपाने. याची किंमत तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात मांडायची, हे तुम्हीच ठरवा. माझ्या मते लेकीला हो म्हणावे आणि मोटरबोटीला नाही. यजमान हिरमुसले तर रविवारी धोबीघाटावरून श्रीरामपूरची फेरीबोट पकडावी, जाऊन येऊन खर्च चहाच्या पैशांत भागतो.

एक सूचना राहिलीच. पुढे कधी जुनी एअर रायफल घेण्याची वेळ आली तर नळी, दस्ता बघण्याआधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. स्पर्धेत दहा वर्षांपेक्षा जुने सिलिंडर चालत नाही, आणि विकणारा ते आपणहून सांगेलच असे नाही.