‘सरनोबत’ : एका आडनावाचा अर्थ व त्याचा वर्गातील उपयोग

महाराष्ट्रातील पुष्कळ आडनावे गावांवरून, तर काही अधिकारपदांवरून पडली आहेत. देशपांडे, चिटणीस, सबनीस ही पदवाचक आडनावे सर्वांच्या परिचयाची आहेत. ‘सरनोबत’ हे त्याच जातीचे, परंतु क्वचित आढळणारे आडनाव होय. अपरिचित आडनावाची मुले वर्गात थट्टेचा विषय होतात. ‘सरनोबत’चे ‘सरबत’ करण्यास मुलांना वेळ लागत नाही. अशा प्रसंगी केवळ दटावण्यापेक्षा शब्दाचा अर्थ उलगडून सांगणे अधिक परिणामकारक ठरते.

शब्दाची फोड : ‘सर’ म्हणजे मुख्य. हा फारसी शब्द सरपंच, सरचिटणीस, सरलष्कर, सरदेशमुख या शब्दांत विद्यार्थ्यांना सहज दाखविता येतो. मात्र ‘सरळ’ किंवा ‘सरबत’ यांतील ‘सर’शी त्याचा काही संबंध नाही, हेही स्पष्ट करावे. ‘नौबत’ या शब्दाचा मूळ अर्थ पाळी. पहारा पाळीपाळीने बदलतो, म्हणून नौबत म्हणजे पहारा. आणि ठरलेल्या वेळी वाजविला जातो, म्हणून नौबत म्हणजे नगाराही. ‘उपाशी राहण्याची नौबत आली’ व ‘उपाशी राहण्याची पाळी आली’ ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्यास अर्थाचे हे नाते मुलांच्या ध्यानी येईल. तेव्हा सरनोबत म्हणजे शब्दशः पहाऱ्याचा मुख्य, आणि पुढे सैन्याचा मुख्य.

पदाचे स्वरूप : शिवकालात घोडदळ व पायदळ यांचे सरनोबत निरनिराळे असत. नेताजी पालकर व प्रतापराव गुजर हे घोडदळाचे, तर येसाजी कंक हे पायदळाचे सरनोबत होते. प्रतापराव २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरी येथे धारातीर्थी पडले. त्यांच्यानंतर हे पद हंबीरराव मोहिते यांच्याकडे आले. त्याच वर्षी ६ जून रोजी राज्याभिषेक झाला. अष्टप्रधानांत या पदास ‘सेनापती’ हे संस्कृत नाव मिळाले.

सभासदाच्या बखरीत घोडदळाची रचना दिली आहे. २५ बारगीरांवर एक हवालदार, ५ हवालदारांचा एक जुमला, १० जुमल्यांवर एक हजारी, ५ हजाऱ्यांवर एक पंचहजारी, आणि सर्वांवर सरनोबत. वरच्या इयत्तांना यावर गुणाकाराचे उदाहरण घालता येईल. एका जुमल्यात १२५, हजाऱ्याच्या हाताखाली १,२५० आणि पंचहजाऱ्याच्या हाताखाली ६,२५० बारगीर येतात. ‘हजारी’ हे पदाचे नाव आहे, मोजणीचा आकडा नव्हे, हे मुलांना या उदाहरणातूनच उमजेल.

याखेरीज प्रत्येक किल्ल्यावरही हवालदार, सबनीस व सरनोबत असे अधिकारी असत. किल्ल्याच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व जमाखर्च सबनिसाकडे, आणि पहाऱ्याची व्यवस्था सरनोबताकडे असे. गड एकाच्या हाती राहू नये, हा त्यामागील हेतू होता.

एक सावधगिरी : किल्ले अनेक, म्हणून सरनोबतही अनेक. उलट नेताजी, प्रतापराव व येसाजी हे सरनोबत असूनही पालकर, गुजर व कंक याच आडनावांनी ओळखले जातात. सबब या आडनावाचा विद्यार्थी अमुक सेनापतीचा वंशज आहे, असे शिक्षकांनी वर्गात सांगू नये. पदवाचक आडनाव पूर्वजाच्या कामाची आठवण देते. त्यावरून कोणाची थोरवी ठरत नाही, तसेच कोणाचा कमीपणाही ठरत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, ते स्वतःच्या नेमबाजीच्या बळावर. हे उदाहरण मुलांपुढे अवश्य ठेवावे.

नोंदीविषयी : व्युत्पत्ती समजल्यावर ‘नोबत’चे ‘नौबत’ करून नाव शुद्ध करण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. जनरल रजिस्टरात आडनाव जन्मदाखल्याप्रमाणे अक्षरशः उतरवावे, व लिहिलेले पालकांना वाचून दाखवावे. येथे बदललेली एक मात्रा पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते आणि नोकरीच्या वा वारसाच्या कामी त्या मुलास वर्षानुवर्षे हेलपाटे घालावयास लावते. अर्थ फळ्यावर शिकवावा. रजिस्टरात मात्र घरचेच अक्षर राहू द्यावे.

स्वाध्याय : विद्यार्थ्यांनी वर्गातील आडनावांची यादी करून त्यांचे गाववाचक, पदवाचक, व्यवसायवाचक व इतर असे गट पाडावेत. ज्यांचा अर्थ लागत नाही त्यांसाठी निराळा रकाना ठेवावा. तो रिकामा राहिला तरी चालेल. कल्पनेने भरू नये.